मळ्यातला टॉवर

शेतकऱ्याच्या मळ्यात उंच म्हणण्यासारख्या वस्तू पूर्वी दोनच असत. एक नारळाचे झाड आणि दुसरा विजेचा खांब. गेल्या काही वर्षांत तिसरी आली आहे, ती म्हणजे टॉवर. मोबाईल कंपन्यांचे टॉवर मी म्हणत नाही. त्यांची देखभाल करणारी माणसे वेगळी असतात. मी म्हणतो ते शेतकऱ्याने, शेतकरी गटाने किंवा गावातल्या एखाद्या संस्थेने स्वतःच्या पैशाने उभे केलेले चाळीस-पन्नास फुटांचे टॉवर. कुणी तालुक्याच्या गावाहून बिनतारी इंटरनेट आणतो, कुणी वारा मोजणारे यंत्र बसवतो, कुठे सामुदायिक रेडिओ केंद्राचा अँटेना असतो. सामुदायिक रेडिओच्या सरकारी धोरणात तर अँटेना जमिनीपासून १५ मीटरपेक्षा कमी आणि ३० मीटरपेक्षा जास्त उंच नसावा, असे घातलेलेच आहे. म्हणजे पन्नास फुटांच्या खाली तो लावताच येत नाही.

यंत्राची माहिती सगळे देतात. दुकानदार देतो, यंत्राबरोबर आलेली पुस्तिका देते. पण यंत्र ज्या लोखंडावर बसायचे त्याविषयी, आणि त्या लोखंडाखालच्या खड्ड्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. मी शेतकी पदवीधर आहे, इंजिनिअर नव्हे. पण तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाबरोबर खड्डा खणण्यापासून टॉवर उभा होईपर्यंत मी होतो, आणि पुढची देखभालही जवळून पाहतो आहे. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

या गटात चौदा बागायतदार. वस्ती डोंगराच्या आड, त्यामुळे मोबाईलची रेंज कधी आहे, कधी नाही. बागेत हवामानाचे छोटे केंद्र बसवलेले. पान किती तास ओले राहिले, तापमान किती, यावरून दावण्या आणि भुरीचा अंदाज कळायचा. पण तो कळणार कधी? माहिती पाठवायला इंटरनेटच नाही. शेवटी सर्वांनी मिळून आठ किलोमीटरवरून बिनतारी जोडणी घ्यायचे ठरवले. या कामाला लागणारा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ सालापासून परवान्याशिवाय वापरता येतो. अट एकच, या टोकाचा अँटेना त्या टोकाला दिसला पाहिजे. मध्ये टेकाड, चिंचेची झाडे, म्हणून पन्नास फूट उंची.

पहिल्यांदा एका वेल्डरने स्वस्तातला उपाय सांगितला. पाइपला पाइप जोडायचा आणि चहूबाजूंनी ताण द्यायचे. ताणांचा खांब वाईट असतो असे नाही. ताण नीट असतील तर तो उलट कमी लोखंडात उभा राहतो. पण ताणांना जागा लागते. पन्नास फुटी खांबाचे ताण पंचवीस-तीस फुटांवर जमिनीत रोवावे लागतात, आणि मळ्यात त्या तारांमधून ट्रॅक्टर फिरतो, फवारणीचा ब्लोअर फिरतो, बैल जातात, पोरे पळतात. एक ताण तुटला की उरलेले ताणच खांबाला आपल्याकडे ओढून पाडतात. म्हणून गटाने ताणांशिवाय, स्वतःच्या पायावर उभा राहणारा तीन पायांचा टॉवर घ्यायचे ठरवले. बुडाशी दोन पायांत तीन फूट अंतर, वर निमुळता होत एक फूट. दहा दहा फुटांचे पाच तुकडे, सगळे जस्ताचा मुलामा दिलेले.

आता ‘स्वतःच्या पायावर’ या शब्दांनी आपण फसतो. टॉवर सरळ उभा असतो तेव्हा पायांवर त्याचे वजन येते, आणि ते काही फार नसते. खरा जोर येतो वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे शाळेत शिकलो असलो तरी मळ्यात आठवत नाही. ताशी ७२ किलोमीटरचा वारा, म्हणजे वळवाच्या पावसाआधी येतो तसा, एका चौरस मीटरवर सुमारे २४ किलोचा दाब देतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आय.एस. ८७५ हे भारतीय मानक आहे. त्यात पुणे-नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर वेग धरलेला आहे. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला दाब होतो चौरस मीटरला ९३ किलो. आमच्या टॉवरचे गणित ३९ मीटर धरूनच केले होते.

हा दाब शेंड्याकडे बसतो आणि टॉवर त्याची पहार करतो. पहारेच्या लांब टोकाला थोडा जोर दिला की आखूड टोकाखालचा धोंडा उलथतो, तेच इथे. पन्नास फुटांवर १ किलोचा जोर लागला की बुडाशी एका बाजूच्या पायाला जवळजवळ २० किलोची उपसणारी ओढ बसते. वाऱ्याकडचा पाय वर उपसला जातो, पलीकडचा खाली दाबला जातो. ही उपसणारी ओढ अडवायची कुणी? खालच्या वजनाने. दुसरे कुणी नाही.

म्हणून खड्डा. नकाशात खड्डा होता सहा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट खोल. खाली आणि वर सळईची जाळी, त्यात बसवलेले फाउंडेशन बोल्ट. २१६ घनफूट काँक्रीट, वजन साडेचौदा टनांच्या घरात. सिमेंटची पोती पन्नासच्या आसपास. हा आकडा ऐकला आणि गटातले एक वयस्कर बागायतदार उठूनच उभे राहिले.

“साहेब, पन्नास पोती सिमिट मातीत गाडायचं? त्यात माझा गोठा हुतोय.”

“होतोय काका. पण गोठा वाऱ्यानं उपटत नाही.”

“तीन फूट खणू. पाय चांगलं पुरू. इजेचा खांब कुठं सहा फूट असतोय?”

त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. विजेचा खांब आखूड असतो, त्याच्या अंगावर वारा धरायला फारसे काही नसते, आणि जिथे तारांची ओढ असते तिथे त्यालाही ताण देतात. आम्ही त्यांना घेऊन बागेच्या कडेला गेलो. तिथे शेवग्याचे एक झाड गेल्या वळवात उन्मळून पडले होते. मुळांचा पसारा फुटभर खोल आणि वर पंधरा फूट झाड. काका बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग एवढेच म्हणाले, “बघा बाबा, तुमचं तुम्ही.” पण पोत्यांच्या हिशेबात त्यांनी पुढे खोडा घातला नाही. त्यांचाच मुलगा त्या टॉवरजवळ रोज वावरणार होता, हेही त्यांच्या मनात असावे.

आणखी एक अडचण होती काळ्या मातीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. चैत्रात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पाया वरवर ठेवला तर दरवर्षी ती त्याला थोडा उचलते आणि थोडा खाली सोडते, आणि एका बाजूला ओल जास्त असेल तर तिरपा करते. आमच्याकडे साडेचार फुटांवर मुरूम लागला, म्हणजे पायाचे बूड मुरमात बसले. जिथे सहा फुटांवरही काळी मातीच आहे किंवा पाणी लागते, तिथे खड्ड्याचा आकार नव्याने ठरवावा लागतो. तो अंदाजपंचे ठरवू नये, बांधकामाच्या इंजिनिअरकडूनच नकाशा घ्यावा. आमच्या कडेने जी पोकळी राहिली तिथे खणलेली काळी माती परत न ढकलता मुरूम भरून थराथराने कुटला. पायाचा माथा जमिनीच्या वर फूटभर ठेवला आणि त्याला चारी बाजूंनी उतार दिला, म्हणजे पावसाचे पाणी टॉवरच्या पायांशी थांबत नाही.

बोल्ट बसवताना मात्र घाई करू नये. काँक्रीट ओतण्याआधी बोल्ट लोखंडी साच्यात घट्ट धरून पाणसळीने समपातळीत आणावे लागतात. बुडाशी अर्ध्या सुताचा फरक राहिला तरी शेंड्याशी तो इंचावारी दिसतो. आमच्या गवंड्याने दोनदा साचा उचलून पुन्हा बसवला, तोंडाने पुटपुटत, पण बसवला. टॉवरचे पाय पोकळ नळीचे असतील तर बुडाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोके सिमेंटने लिंपू नयेत. पाणी आत साठले की नळी आतून गंजते, आणि बाहेरून वर्षानुवर्षे काही कळत नाही.

काँक्रीट ओतले ४ एप्रिल २०२३ रोजी. त्या वर्षी अक्षय्य तृतीया २२ एप्रिलला होती. साडेतीन मुहूर्तांतला एक, सगळ्यांचे म्हणणे पडले की टॉवर त्याच दिवशी उभा राहावा. क्रेनवाल्यालाही तोच दिवस सोयीचा होता. तो म्हणाला, काँक्रीट तर दगड झालंय, अठरा दिवस कमी का आहेत? हाताला दगड लागतो हे खरे. पण काँक्रीटची ताकद धरतात ती २८ दिवसांची, आणि नकाशातले सगळे गणित त्या ताकदीवर बसवलेले असते. शिवाय एप्रिलच्या उन्हात पाणी मारायला एक वेळ चुकली तर वरचा थर करपतो. गोणपाट टाकून ते दिवसभर ओले ठेवायचे काम दोघी सासूसुनांनी अंगावर घेतले होते, आणि त्यांनी ते चौदा दिवस चोख केले. खरड छाटणीचे दिवस, घरात माणसांना जेवायला वेळ नाही, तरी.

मुहूर्ताचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. अक्षय्य तृतीयेला पायाची पूजा करायची, नारळ फोडायचा, टॉवर सावकाश उभा राहील. तसेच झाले. त्याच महिन्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आमच्याकडेही दोन संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला. तेव्हा तिथे गोणपाटाखाली नुसता पाया होता, त्यामुळे कुणाला काळजी करायचे कारण पडले नाही.

जागेविषयी मी आधीच लिहायला हवे होते, पण तो भाग थोडा थांबून सांगावासा वाटतो. टॉवर आडवा पडला तर कुठवर येईल, तेवढ्या अंतरात घर, रस्ता आणि विशेषतः विजेची तार असता कामा नये. मी तर उंचीच्या दीडपट अंतर धरा म्हणतो. पन्नास फुटाला पंचाहत्तर फूट. टॉवर पडायची गोष्ट सोडा, तो उभा करताना हेलकावतो, दोर सुटतो, आणि लोखंड तारेला लागायला क्षण पुरतो.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण सुरू झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या मूळ गावी तोवर दोनच टीव्ही होते, ते बघता बघता सात-आठ झाले. प्रक्षेपण केंद्र लांब, चित्रात मुंग्या यायच्या, म्हणून जो तो पाइप उंच करी. आमच्या शेजारच्या घरात दोन वीसफुटी पाइप सॉकेटने जोडून वर अँटेना बांधला. थोरला मुलगा, त्याचा चुलतभाऊ आणि एक मित्र असे तिघे तो उभा करत होते. घरामागून तारा गेलेल्या. खालून पाइप उचलला, तो डुलला, सावरताना मागे झुकला आणि वरचे टोक तारेला टेकले. दोघे बाजूला फेकले गेले. थोरला सुटला नाही. बावीस वर्षांचा होता, त्याच वर्षी त्याचे लग्न ठरले होते. त्या घरात पुढे बरीच वर्षे टीव्ही आला नाही.

तेव्हापासून कुणी लांब पाइप उचलताना दिसला की माझी नजर आधी वर जाते. वाचकांनीही ती सवय लावून घ्यावी. जागा तारेपासून लांब नसेल तर जागा बदलावी. बदलता येत नसेल तर वीज कंपनीकडे रीतसर अर्ज देऊन लाइन बंद करून घ्यावी, आणि बंद झाल्याचे वायरमनच्या तोंडून ऐकल्याशिवाय लोखंड उचलू नये. “वीज गेलीय, उरकून घेऊ” हे तर बोलूच नये. गेलेली वीज केव्हा येईल ते कुणाला ठाऊक असते?

आमचा टॉवर ३ मे रोजी सकाळी उभा राहिला. सातला सुरुवात, कारण दहानंतर वारा सुटतो. खालचे तीन तुकडे जमिनीवर जोडून हायड्रा क्रेनने उचलले, पायांत बोल्ट पडले, दोन बाजूंनी ओळंबा लावून पाहिला, मग वरचे दोन तुकडे. वर चढायला सांगलीहून दोन माहीतगार रिगर आले होते. त्यांची मजुरी ऐकून गटातल्या एका जवान पोराने मला बाजूला घेतले.

“साहेब, एवढं कशाला घालवायचं? मी नारळावर चढतो. हे तर शिडीवानी हाय. मला पाचशे द्या.”

त्याची आई तिथेच गोणपाट गोळा करत होती. ती काही बोलली नाही, नुसते माझ्याकडे बघितले. मी म्हटले, “अरे बाळ, नारळाला तू मिठी मारतोस. इथं वर गेल्यावर दोन्ही हात कामाला लागतात. मग तुला धरायचं कुणी?” तो हसला, पण दिवसभर तिथेच बसून त्याने त्या रिगरांचे काम बघितले, आणि बघण्यासारखेच होते ते. दोघांच्या अंगात खांद्यापासून मांड्यांपर्यंत पट्टे असलेला पूर्ण हार्नेस. नुसता कमरेचा पट्टा त्यांना चालत नाही. माणूस पडून त्यावर लटकला तर कंबर आणि पोट चेचते आणि तो उलटाही होतो. हार्नेसला दोन दोर, दोन आकडे. एक आकडा वर अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. पन्नास फुटांत ते एकदाही मोकळे नव्हते. पाने, बोल्ट सगळे पिशवीत, पिशवी दोराने वर. पाना सुतळीने मनगटाला बांधलेला. खाली चुन्याने मोठे वर्तुळ आखून दिले होते, त्यात कुणी पाय टाकायचा नाही. सरपंच आले तेव्हा त्यांनाही बाहेरच उभे केले. आणि एक माणूस खाली, ज्याचे काम फक्त वर बघत राहणे. वर काही झाले तर त्याला कसे उतरवायचे ते या तिघांचे आधीच ठरलेले असते. हार्नेसवर लटकलेल्या माणसाला तसेच जास्त वेळ ठेवले तर पायांत रक्त साचून तेही जिवावर बेतते. रेडिओचा टॉवर असेल तर वर जाण्यापूर्वी प्रक्षेपण बंद करायचे, ही आणखी एक गोष्ट.

आता विजेचे, आकाशातल्या. लोकांचा एक समज आहे की टॉवर असला की आजूबाजूला वीज पडत नाही. आणि दुसरा अगदी उलटा, की टॉवर विजेला बोलावून आणतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढे पुरे की परिसरातली सर्वात उंच वस्तू तो आहे, तेव्हा वीज पडली तर तिथे पडण्याचा संभव जास्त, आणि पडलेली वीज जमिनीत नीट मुरवणे आपल्या हातात आहे. शेंड्यावर अँटेनाच्याही वर एक टोकदार कांडी, तिथून सरळ खाली आलेली तांब्याची किंवा जस्तलेपित पट्टी, वाटेत काटकोनी वळण नाही. खाली तिन्ही पायांजवळ तीन अर्थिंगचे खड्डे, ते एकमेकांना जोडलेले आणि घराच्या अर्थिंगशीही जोडलेले. रोध १० ओहमच्या आत असावा आणि तो मोजावा मे महिन्यात, जमीन सर्वात कोरडी असताना. पावसाळ्यात मोजून समाधान मानणे म्हणजे श्रावणात विहिरीचे पाणी मोजण्यासारखे आहे. घरात येणाऱ्या केबलला सर्ज प्रोटेक्टर लावावा, आणि गडगडाट सुरू होण्याआधीच यंत्राची तार काढून ठेवावी.

टॉवरला जनावर बांधू नये. ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण मळ्यात लोखंडाचा उभा पाय दिसला की दावे त्याला बांधायची आपली जुनी सवय. वीज जमिनीत शिरते तेव्हा बुडाजवळ आणि थोडे दूर यांत दाबाचा फरक असतो. माणसाच्या दोन पायांत अंतर थोडे. गाईबैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फूट. त्यामुळे जवळ वीज पडली की माणूस वाचतो आणि जनावर जाते, असे पुष्कळदा घडते. पावसात टॉवरखाली आसरा तर कुणीच घेऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या भोवतीच्या वीस-चाळीस किलोमीटरमधल्या विजा दाखवते, ते फोनवर असावे.

टॉवर उभा झाला की लोकांना तो आपला वाटू लागतो आणि त्याचे नाना उपयोग सुचतात. पहिल्याच पावसाळ्यात आजींनी बुडाशी घोसाळ्याच्या चार बिया टोचल्या. वेल पंधरा फूट गेला आणि घोसाळीही भरपूर लागली. वेल काढायला सांगितले तेव्हा आजी म्हणाल्या, “मग लोखंडाला दुसरं काय येतंय?” मला उत्तर सुचले नाही, पण वेल काढला. पानांखाली ओल राहते, गंज धरतो आणि वाऱ्याला अडायला पडदा मिळतो. आजींना जुन्या पाइपांचा वेगळा मांडव करून दिला.

फ्लेक्सचा प्रकार याहून गंभीर. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पोरांनी दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स टॉवरच्या मध्यावर बांधायला आणला. ऐंशी चौरस फूट म्हणजे साडेसात चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याला त्यावर १८० किलोचा दाब, आणि ३९ मीटरच्या वादळात ७०० किलोच्या घरात. टॉवरवरची आमची दोन फुटी तबकडी त्याच वादळात पंचवीस-तीस किलोच धरते. टॉवर तबकडीसाठी केलेला आहे, पुढाऱ्यासाठी नाही. मी हा हिशेब तिथेच जमिनीवर काडीने करून दाखवला. पोरांना पटले की नाही माहीत नाही, पण फ्लेक्स पारावर लागला.

द्राक्षवाल्यांसाठी आणखी एक. बोर्डो मिश्रण करताना आपण विळा बुडवून बघतो. मोरचूद मोकळा राहिला असेल तर विळ्यावर तांबूस थर चढतो. म्हणजे मोरचूद लोखंड खातो. जस्ताचा मुलामा तर तो त्याहून लवकर खातो. तेव्हा फवारणीचा पंप टॉवरच्या बुडाशी धुऊ नये, खताची पोती तिथे रचू नयेत, आणि गोठ्याचे मुतारीचे पाणी तिकडे वळू देऊ नये.

देखभाल म्हणाल तर वर्षातून दोनदा. मे महिन्यात पावसाआधी आणि पाऊस उघडल्यावर. शिवाय मोठे वादळ होऊन गेले की एकदा. उभा केल्यावर महिन्याने सर्व बोल्ट एकदा आवळून घेतले, त्यात आठ-दहा ढिले निघाले. नव्या टॉवरचे असे होतेच. बाकी निम्मे काम जमिनीवरूनच होते. दोन बाजूंनी ओळंबा धरून टॉवर सरळ आहे का बघायचे. पायाच्या काँक्रीटला चीर आहे का, बोल्टाभोवती गंजाचे तांबडे ओघळ आहेत का, अर्थिंगची पट्टी कुणी चोरली तर नाही ना, हे बघायचे. तांब्याला भाव आहे, हे सांगायला नको. खरचटलेल्या जागी जस्ताचा रंग लावायचा. खालच्या दहा फुटांची शिडी काढून कुलपात ठेवायची, कारण शाळा सुटली की पोरांना चढायला काहीतरी हवेच असते.

आमच्या गटात ही वही त्याच सूनबाई ठेवतात ज्यांनी गोणपाट ओले ठेवले होते. त्यांचे बारावी सायन्स झालेले आहे. तारीख, कुणी बघितले, काय सापडले, एवढ्याच ओळी. त्यांनीच २०२४ च्या माघात लिहून ठेवले, “वरून तिसऱ्या टप्प्यात आग्या मोहोळ.” उंच टाक्या आणि टॉवर या माश्यांना फार आवडतात. गावात कुणीतरी पलिता लावायला निघाला होता. त्याला थांबवले. पन्नास फुटांवर हार्नेसमध्ये अडकलेल्या माणसावर आग्या उठला तर तो पळणार कुठे? आणि शेजारच्या कांदा बियाण्याच्या प्लॉटवर त्याच माश्या राबत होत्या. हे मोहोळ फिरते असते. फुलोरा संपल्यावर चैत्रात ते आपण होऊन उठून गेले, मग मे महिन्याची तपासणी झाली.

उतरवण्याबद्दल शेवटी लिहितो, कारण उभारण्याइतकाच तोही धोक्याचा. २०२२ पर्यंत दूरदर्शनने जुन्या पद्धतीचे, जमिनीवरच्या केंद्रांतून होणारे प्रक्षेपण जवळजवळ सगळीकडे बंद केले. त्याआधीच घरोघरी छत्र्या आल्या होत्या. पण अँटेनाचे ते जुने पाइप अजून कित्येक घरांवर उभे आहेत. कौलातून जिथे पाइप बाहेर येतो तिथे तो गंजून कागदासारखा झालेला असतो, आणि वरून मात्र धड दिसतो. असा पाइप कापायला किंवा हलवायला घेतला की तो कुठे पडेल याचा नेम नसतो. वरच्या निम्म्यात दोन दिशांना दोर बांधून, माणसे लांब उभी करून मगच तो सोडवावा.

गटातल्या पोरांनी गेल्या उन्हाळ्यात गावातले असे पाइप मोजले. अकरा निघाले. त्यातले सात उतरवून झाले. राहिलेले चार विजेच्या तारेला लागून आहेत. त्यांच्यासाठी वायरमनने गोडी छाटणीनंतरचा एक दिवस दिला आहे. त्या दिवशी सकाळी आठ ते दहा गावची लाइन बंद राहील, तसा फलक ग्रामपंचायतीत लावला आहे.